तिसऱ्या मजल्यावरची गादी

कोल्हापूरच्या शाहूपुरीत ‘सुवर्णदीप’ हे चार मजली दुकान उघडलं, तेव्हा पहिले काही महिने लोक तिथं खरेदीला कमी आणि सरकत्या जिन्यावर चढायला जास्त यायचे. मुरगूडहून, गारगोटीहून, पार निपाणीकडून माणसं यायची, जिन्यावरून एकदा वर, एकदा खाली करायची, गार हवा खायची आणि जाताना रंकाळ्यावर भेळ खाऊन घरची वाट धरायची. म्हाताऱ्या बाया जिन्याशी आल्या की चपला काढून हातात घ्यायच्या. दारावरचा सिक्युरिटीवाला गालातल्या गालात हसायचा. तिसऱ्या मजल्यावरची निशा कांबळे मात्र हसत नसे. बाई जिथं चपला काढते तिथं ती मान देते आणि जिथं मान देते तिथंच मन लावून खरेदी करते, असं तिचं मत होतं. निशाची मतं ठाम असत. मत नसलेली निशा कुणी पाहिली असेल, तर ती झोपेत असणार.

तिसरा मजला साड्यांचा. निशा तिथली मुख्य आणि तिच्या हाताखाली सहा बाया. मजला देखणा होता, त्यात वाद नाही. पायाखाली चकचकीत फरशी, वर पांढरे दिवे, आणि स्टीलच्या रॅकांवर हँगरला लटकवलेल्या साड्यांच्या रांगाच रांगा. फक्त गिऱ्हाईक नव्हतं. बाया यायच्या, हँगर इकडून तिकडं सरकवायच्या, किमतीची चिठ्ठी उलटीसुलटी करून बघायच्या, आरशासमोर एक फोटो काढायच्या आणि तळमजल्यावर जाऊन एक कंगवा घेऊन घरी जायच्या. साडी ही लटकवून विकायची वस्तू नव्हे, हे निशा वर्षभर सांगत होती. सुती साडी तर हँगरला टांगली की वाळत घातलेलं धुणंच वाटते. पण ऐकणारं कुणी नव्हतं.

मग एका मंगळवारी स्टोअर मॅनेजर आदर्शनं तिला केबिनमध्ये बोलावलं. आदर्श काही वाईट माणूस नव्हता. मऊ बोलायचा, वेळेवर यायचा, कुणाचा पगार अडवायचा नाही. त्याची अडचण एवढीच की आयुष्यात त्यानं साडी एकदाच विकत घेतली होती, आईसाठी, आणि तीही मोबाइलवरून. त्यानं चाचरत सांगितलं की साड्यांचा मजला महिनाअखेर बंद होणार. तिथं पोरांना उड्या मारायचं खेळघर येणार. पुण्याच्या ऑफिसातल्या विभागप्रमुख संयोगिता मॅडम रविवारी येतील, जागा बघतील आणि सही करतील. सात जणींपैकी दोघींना तळमजल्यावर अत्तराच्या काउंटरला घेता येईल. उरलेल्या पाचजणींचं काय, ते त्यानं सांगितलं नाही आणि निशानं विचारलं नाही. त्या पाचांत हाताखालच्या बायांतली सगळ्यांत थोरली झुंबरबाई असणार, हे तिला कळलं होतं. झुंबरबाईला दोन वर्षांनी साठावं लागणार होतं, आणि अत्तराच्या काउंटरला साठीची बाई कोण उभी करतो?

“सर, गिऱ्हाईक येत न्हाई म्हणता. आलं तर बसंल कुठं?” निशानं विचारलं.

आदर्श म्हणाला, की आरशाजवळ दोन स्टुलं आहेत. आणि बसायचं कशाला, खरेदी करायची आणि जायचं.

“बसल्याबिगर लग्नाची साडी घेतलेली बाई मी अजून बघितली न्हाई,” निशा म्हणाली. “रविवारपर्यंत मजला माझ्याकडं द्या. मधले रॅक काढतो, गादी टाकतो, आणि मॅडमना एक बस्ता बसवून दावतो. त्यांनी बघू दे आन् मग खुशाल सही करू दे.”

कोल्हापूरच्या बायांचं हे पुरुषांसारखं ‘काढतो, टाकतो’ आता आदर्शच्या कानांना सरावलं होतं. रॅक नाहीतरी महिनाअखेर काढायचेच होते. त्यानं हो म्हटलं, आणि म्हणताक्षणी आपलं काहीतरी चुकलंय असं त्याला वाटलं, पण तोवर निशा केबिनबाहेर पडली होती.

आता ही एवढी खात्री निशाकडं आली कुठून, ते सांगायला हवं.

ती चौदा वर्षांची असताना थोरल्या बहिणीचं, पूर्णिमाचं लग्न ठरलं. बौद्ध घरातलं लग्न, नवरीला पांढरी साडी हवी. आई शेवंताबाई दोघी लेकींना घेऊन मुरगूडहून कोल्हापूरला आली. तिघी तीन दुकानं फिरल्या. लग्नाची साडी म्हणताच तिन्ही ठिकाणी समोर लाल-हिरव्याचे ढीग पडले. आईनं पांढरी मागितल्यावर एक जण तर हसत म्हणाला, की लग्न हाय का मयत? महाद्वार रोडवरच्या चौथ्या दुकानात पिकल्या मिशांचे एक गृहस्थ गादीवर बसले होते. त्यांनी आधी तिघींना पाणी दिलं. मग विचारलं, “काय नेसता बाई तुमच्यात?” आईनं सांगितलं. ते उठले आणि वरच्या फळीवरच्या पांढऱ्या साड्या काढून एकेक उलगडत गेले, लाल साड्या उलगडाव्यात तितक्याच कौतुकानं. बाहेर पडल्यावर आई भर रस्त्यात पदर तोंडाला लावून रडली. निशानं त्याच दिवशी ठरवलं, की काम करायचं तर ह्या दुकानात.

ते गृहस्थ म्हणजे अमरसिंहकाका. निशानं त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं साड्या उलगडल्या. आधी पाणी, मग इचारणं, मग कापड, हा त्यांचा मंत्र. पुढं काका थकून घरी बसले, मालकांच्या भावाभावांत वाटण्या झाल्या, दुकान मिटलं आणि निशा ‘सुवर्णदीप’मध्ये आली. येताना दोन गोष्टी बरोबर घेऊन आली. एक म्हणजे साडी उलगडायचा हात. टोक धरून तिनं मनगटाला असा काही झटका दिला, की साडी आपणहून पसरत जायची आणि पदर बरोबर गिऱ्हाइकाच्या मांडीवर येऊन पडायचा. दुसरी म्हणजे स्मरणशक्ती. कुणाच्या बस्त्यात कुणी कोणत्या रंगाची साडी घेतली, हे तिला दहा वर्षांनीही आठवायचं. गिऱ्हाईक चकित व्हायचं आणि निशा सुखावायची. दुसऱ्या गोष्टीचा तिला जरा जास्तच अभिमान होता.

मंगळवारीच तिनं जुनी वही काढली आणि गणेशवाडीच्या शांतिनाथ पाटलांना फोन लावला. नृसिंहवाडीपासून जवळच त्यांचं गाव, उसाची आणि भाजीपाल्याची बक्कळ शेती, जैनांतलं नाव असलेलं घर. आठ वर्षांपूर्वी त्यांच्या थोरल्या मुलाचा बस्ता निशानंच काढून दिला होता. आता मुलीचं, सोनलचं लग्न ठरलंय, हे तिच्या कानावर आलं होतं. बस्ता कुठं काढणार, असं तिनं विचारलं तर शांतिनाथआण्णा वैतागलेलेच होते. सोनलला मॉल हवा होता, तर त्यांच्या थोरल्या बहिणीला, त्रिशलाअक्कांना गादी हवी होती. आठवडाभर घरात हीच भांडणं चालली होती.

“आण्णा, दोन्ही एकाच जागी घावलं तर?” निशा म्हणाली.

रविवारी सकाळी अकराला या, असं ठरलं. इतकं जमून आलं की माणसानं जरा सावध व्हावं. निशा उलट फुलून गेली.

शनिवारी सहा बायांनी पदर खोचून मधले रॅक हलवले. ओळखीच्या मांडववाल्याकडून गाद्या, पांढऱ्या खोळी आणि लोड आणले. जागा मोकळी करताना आठ खोकीही वाटेतून काढावी लागली. त्यांत सुती इरकल साड्या होत्या. गेल्या वर्षी निशानं भांडून सीमेपलीकडच्या, कर्नाटकातल्या विणकरांकडून त्या विणून घेतल्या होत्या आणि वर्षभर त्या हँगरवर धुण्यासारख्या लोंबत राहिल्या. आदर्शनं त्या न खपणारा माल म्हणून खोक्यांत भरून चिकटपट्टी मारली होती आणि सोमवारी परत पाठवायच्या म्हणून तळघरातल्या गोदामात नेऊन ठेवायला सांगितल्या. निशानं मान वळवली. आपण हरल्याची आठवण तिला डोळ्यांसमोर नको होती.

रविवारी अकराला गणेशवाडीची मंडळी आली. एक मोठी गाडी, दोन लहान गाड्या, मिळून अडतीस माणसं. मुलाकडचेही त्यांतच होते. गादी बघताच सगळ्यांचे चेहरे सैल झाले. झुंबरबाईनं गादीच्या कडेला चपलांची रांग लावून घेतली, पुरुषांनी लोडांना पाठी टेकल्या, आणि जी सोनल मॉलसाठी हटून बसली होती, तीच सगळ्यांत आधी मांडी ठोकून बसली. आदर्श जिन्याशी उभा राहून बघत होता. ह्या मजल्यावर एवढी माणसं त्यानं उद्घाटनालाही पाहिली नव्हती.

पाटलांच्या घरची रीत निशाला ठाऊक होती. पहिली साडी घरच्या थोरल्या लेकीनं निवडायची, तिला हळदकुंकू लागायचं, मगच बाकीच्यांनी कापडाला हात लावायचा. थोरलीचं मन बसलं नाही तर बस्ता तिथं उघडत नाही. सगळ्यांनी उठायचं आणि दुसरं दुकान गाठायचं. म्हणजे निशाचा मजला, झुंबरबाईची नोकरी, सगळं काही त्या क्षणाला सत्तरीच्या त्रिशलाअक्कांच्या हाती होतं.

अक्का मधोमध बसल्या. ताठ कणा, चांदीसारखे केस, अंगावर फिकट पोपटी सुती साडी. प्रवासाला साधी नेसल्या असतील, असं निशानं मनात म्हटलं. झुंबरबाईनं पाणी पुढं केलं. अक्कांनी हातानंच नको म्हटलं आणि पिशवीतून घरून आणलेली, उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली काढली. निदान एवढ्यावरून तरी निशाला कळायला हवं होतं की ह्या बाईनं काही नेम धरलेत. अमरसिंहकाका असते तर तिथंच थांबले असते. पण निशाच्या डोळ्यांपुढं आठ वर्षांपूर्वीच्या अक्का होत्या, आणि जिन्यावरून संयोगिता मॅडम कोणत्याही क्षणी येणार होत्या.

“अक्का, मागच्या बस्त्याला तुमी मोरपंखी रेशमी धर्मावरम घेतलेली, ध्यानात हाय माझ्या. यंदा त्याच्यापेक्षा भारी दावतो,” असं म्हणून तिनं मनगटाला झटका दिला. राणी रंगाचं जड रेशीम सळसळत गेलं आणि पदर अक्कांच्या मांडीवर पडला. बायकांत कुजबुज झाली. मुलाच्या आईनं विचारलं, की अस्सल कशावरून?

ह्याच प्रश्नाची तर साडीवाले वाट बघत असतात. निशानं पदराच्या दशांतला एक धागा तोडला, काडी ओढली, धागा पेटवला आणि सरळ अक्कांच्या नाकाजवळ नेला.

“घ्या वास. केस जळल्यागत येतोय न्हवं? किड्याच्या तोंडातलं अस्सल रेशीम हाय.”

अक्कांनी तोंड फिरवलं. मांडीवरचा पदर दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवला आणि स्वतःचा पदर नाकाला लावला. सोनलनं हळूच सांगितलं, की अक्कांनी चार वर्षांपूर्वी रेशीम सोडलं.

अक्कांचा आवाज चढला नाही. “चातुर्मासात म्हाराजांच्या म्होरं नेम घेतलाय, पोरी. एका साडीपायी किती जीव उकळत्या पाण्यात घालत्यात, म्हाईत हाय न्हवं? बाकीच्यांनी काय नेसायचं ते नेसू दे, मी कुणाला आडवत न्हाई. पर जीव जळल्याचा वास तू माझ्या नाकाला दावलास.” मग त्या भावाकडं वळल्या. “शांतू, मी खाली जाऊन बसतो.”

अक्का उठल्या म्हणजे बस्ता उठला. आण्णांनी टोपी नीट केली. मुलाकडच्या दोघी चपलांकडं बघायला लागल्या. आणि नेमक्या त्याच वेळी सरकत्या जिन्यावरून संयोगिता मॅडम वर आल्या. पन्नाशीच्या, टापटीप, हातात फाइल. समोर ओस पडत चाललेली गादी बघून त्या जागीच थांबल्या. आदर्शला वाटलं आता आपणच वाचवलं पाहिजे. तो पुढं धावला आणि अक्कांना सांगू लागला की आज सिल्कवर खास सवलत आहे. निशानं हात आडवा करून त्याला गप्प केलं.

तिचे कान तापले होते. मॅडमचं तिला काही वाटलं नाही. लाज वाटली ती आईच्या आठवणीनं. लाल साड्यांचे ढीग पुढ्यात टाकणारे ते तीन दुकानदार तिला आठवले. त्यांनी तरी वेगळं काय केलं होतं? समोरच्या बाईला काय हवं ते त्यांनी आपल्याच मनानं ठरवलं होतं, आणि आज तिनंही तेच केलं होतं. जन्मभर ज्यांना नावं ठेवली त्यांच्याच पंगतीला जाऊन ती बसली होती.

तिनं आधी ते रेशीम आवरलं. घाईनं गुंडाळलं नाही, नीट घडी घालून खोक्यात ठेवलं आणि खोकं मागं सारलं. मग उभ्या असलेल्या अक्कांच्या पुढ्यात ती खाली बसली.

“अक्का, माझं चुकलं. मागचं ध्यानात हाय म्हणून आजचं इचारलं न्हाई. ते आधी इचारायला पायजे हुतं. आता इचारतो. काय नेसता तुमी?”

अक्का तिच्याकडं बघत राहिल्या. चुकलं म्हणणारा दुकानदार त्यांनी सत्तर वर्षांत बहुधा पाहिला नसावा.

“सुती इरकल नेसतो मी,” त्या म्हणाल्या. “रुंद काठाची. पर कुठं मिळती ती? म्हाताऱ्या बाईनं सूत मागितलं की फडकी म्होरं टाकत्यात.”

निशा ताडकन उठली आणि झुंबरबाईला म्हणाली, गोदामातली आठही खोकी वर आणा. आदर्श तिच्या कानाशी लागला, की खोकी बंद झालीत, परतीची नोंद झालीय, आता ती उघडता येणार नाहीत. झुंबरबाई दोघांच्या तोंडांकडं बघत उभी राहिली.

“चिकटपट्टी फाडा. सही माझी,” निशा म्हणाली, आणि अक्कांना पाच मिनिटं टेकायची विनंती केली. अक्का टेकल्या नाहीत, पण गेल्याही नाहीत.

सहा बायांनी खोकी सरकत्या जिन्यावरून वर आणली. दुकान उघडल्यापासून त्या जिन्याचा खरा उपयोग झाला तो तेव्हा. निशानं पहिली साडी काढली आणि पुन्हा मनगटाला झटका दिला. गर्द निळी इरकल पांढऱ्या खोळीवर पसरली. मग डाळिंबी, मग काळी चंद्रकळा, मग जांभळी. नव्या सुताचा खळीचा वास गादीभर झाला. वर्षभर हँगरवर धुणं वाटलेल्या त्याच साड्या, पण पसरल्यावर त्यांचे काठ बोलायला लागले. आदर्श आ वासून बघत होता. हाच का तो न खपणारा माल, असं त्याला वाटलं असणार.

अक्का हळूच खाली बसल्या. त्यांचा हात निळीवरून फिरला, डाळिंबीवर थांबला आणि शेवटी जांभळीवर आला. तिचा काठ चार बोटं रुंद होता, लालभडक आणि चकचकीत. अक्कांनी काठ उजेडाकडं धरला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“काठ चकाकतोय. ह्यात रेशीम न्हाई कशावरून?”

निशानं सांगितलं, की सुतालाच चकाकी आणलीय, विणकरांना बजावून सगळं सुती विणून घेतलंय.

“तोंडानं समदेच सांगत्यात,” अक्का म्हणाल्या. “जाळून दाव.”

आता खरी परीक्षा होती. इरकलीच्या काठात रेशीम घालायची पद्धत जुनी आहे, हे निशाला चांगलं ठाऊक होतं. विणकरानं शब्द पाळला असेल असा तिचा विश्वास होता. पण आज सकाळी तिला स्वतःच्या स्मरणशक्तीवरही असाच विश्वास होता. एखाद्या विणकरानं सवयीनं चार धागे रेशमाचे टाकले असतील तर? काठाऐवजी साडीच्या अंगातला धागा जाळून वेळ मारून नेता आली असती. तो सुतीच होता, त्यात शंकाच नव्हती. निशानं काठातला धागा ओढला. काडी पहिल्यांदा पेटली नाही. दुसरी पेटली.

धागा जळला. तो अक्कांच्या नाकाजवळ न्यायचं धाडस तिनं केलं नाही. हात आपल्याजवळच ठेवून विचारलं, “दावू?”

अक्का स्वतः पुढं वाकल्या. त्यांनी वास घेतला. जुनी वही जळाल्यासारखा वास होता, कागदाचा, निव्वळ कागदाचा. त्यांनी ती चिमूटभर राख बोटांवर घेतली, चोळली आणि फुंकून टाकली.

“लाव कुंकू,” त्या म्हणाल्या.

निशाला एकदम रडू आलं आणि तिनं ते अजिबात लपवलं नाही. डोळे पुसत पुसतच तिनं जांभळ्या इरकलीला हळदकुंकू लावलं. आण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, म्हणजे आता काही ते लवकर उठत नव्हते.

त्यानंतरचा बस्ता साडेतीन तास चालला. निशानं एकेका बाईपुढं बसून आधी विचारलं आणि मग उलगडलं. कुणाला नऊवारी हवी होती, कुणाला सहावारी, एका मामींना हिरवा रंग लाभत नव्हता, मुलाच्या आईला रेशीमच हवं होतं. रेशीम गादीच्या दुसऱ्या टोकाला उलगडलं, काडी न ओढता. सोनलनं शालू तिकडंच घेतला. अक्का रेशमाकडं पाठ करून बसल्या होत्या, पण मधेच मान वळवून म्हणाल्या, “तो अंजिरी घे गं, तुझ्या रंगाला खुलतोय.” आणि पुन्हा पाठ केली. इरकलीची पाच खोकी रिकामी झाली. आहेराला म्हणून अक्कांनी सगळ्या भावजयांना आणि बहिणींना त्याच घ्यायला लावल्या.

संयोगिता मॅडम इतका वेळ गादीच्या कडेला उभ्या होत्या. अक्कांचं लक्ष गेलं. ही कुणी मोठी साहेब आहे, हे त्यांना माहीत नव्हतं आणि असतं तरी काही फरक पडला नसता.

“पावणं, बसायचं असंल तर पायातलं काढून या.”

मॅडमनी बूट काढले. झुंबरबाईनं ते चपलांच्या रांगेत शेवटी नेऊन ठेवले. मॅडम फाइल बाजूला ठेवून बसल्या, आणि थोड्या वेळानं अक्कांनी त्यांच्या हातात एक पदर देऊन जरा ताणून धरायला सांगितला. मॅडमनी तो अर्धा तास धरला.

तिसऱ्या प्रहरी मंडळी निघाली. गाठोडी आधी खाली गेली, मग माणसं. सगळ्यांत शेवटी अक्का. जिन्याशी आल्यावर त्यांनी चपला काढून हातात घेतल्या आणि वळून निशाला सांगितलं, की पुढच्या वर्षी धाकट्या भाच्याचं लग्न आहे. मग त्या जिन्यावर उभ्या राहून ताठ कण्यानं खाली गेल्या.

मजल्यावर विस्कटलेल्या खोळी, रिकामी खोकी आणि सात दमलेल्या बाया उरल्या. आदर्श सहीची जागा दाखवायला फाइल घेऊन पुढं झाला. मॅडम अजून गादीवरच होत्या, लोडाला टेकून.

“इथं किती माणसं बसतात?” त्यांनी निशाला विचारलं.

“आज अडतीस बसली. कडंचे रॅक काढले तर साठ बसतील.”

“काढा,” मॅडम म्हणाल्या.

आदर्शनं आठवण करून दिली, की खेळघरवाले उद्या जागा मोजायला येणार आहेत. मॅडमनी त्याला सांगितलं, की चौथ्या मजल्यावरच्या सुटकेसा वर्षभर कुणी घेतलेल्या नाहीत, तिथं मारू दे पोरांना उड्या. फाइल त्यांनी उघडलीच नाही. झुंबरबाई मटकन गादीवर बसली आणि पदरानं वारा घ्यायला लागली, गार हवेच्या दुकानात.

“आता मलाही एक दाखवा,” मॅडम निशाला म्हणाल्या. “इतका वेळ दुसऱ्यांच्याच बघतेय.”

निशाचा हात आपोआप पैठणीच्या खोक्याकडं गेला. पुण्याची बाई, मोठा हुद्दा, पन्नाशीचं वय, हिला तर नक्की पैठणीच. हात खोक्याच्या झाकणावर टेकला आणि तिथंच थांबला. तिनं तो मागं घेतला आणि झुंबरबाईला पाणी आणायला सांगितलं. ग्लास मॅडमच्या हातात जाईपर्यंत ती थांबली. मग समोर मांडी घालून बसली आणि विचारलं, “काय नेसता तुमी?”